सायकली उभ्या का राहिल्या?

(देणगीदारांच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही जमाखर्चाचे आकडे वाचून दाखवतो. ते आकडे अहवालाच्या पुढील पानांवर छापलेले आहेतच. आज एका लहानशा देणगीचा हिशेब तोंडी देण्याची अनुमती असावी, कारण तो ताळेबंदात दिसत नाही.

आपल्या एका हितचिंतक कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ कर्मचाऱ्यांसाठी सायकली दिल्या. जवळपास राहणाऱ्यांनी सायकलीने कामावर यावे आणि मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात आपण रुग्णांना जो उपदेश करतो, तो आधी स्वतः आचरावा, असा त्यामागील हेतू होता. प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घर ते रुग्णालय आणि परत, एवढ्यात ती सहज भरतात. समारंभ झाला, छायाचित्रे निघाली. पहिल्या आठवड्यात शेड रिकामी असे. महिना सरता सरता सायकली शेडमध्येच उभ्या दिसू लागल्या.

आम्ही वाणिज्य शाखेचे. मालमत्तेच्या नोंदवहीत वस्तू आहे, पण वापरात नाही, म्हणजे वापरणाऱ्याचा दोष, असा आमचा सरळ हिशेब. आळसाला उद्देशून एक परिपत्रक काढले. त्याची भाषा आज आठवली, तरी संकोच वाटतो. परिपत्रकाचा परिणाम शून्य झाला. तेव्हा उदाहरण घालून द्यावे म्हणून आम्ही स्वतःच सायकलीवर बसलो. पंचवीस-तीस वर्षांनी.

तिसऱ्या दिवशी खरेदी समितीची बैठक आम्ही उभ्यानेच चालवली. कारण विचारले गेले, तेव्हा पाठीचे नाव सांगितले. दुखत होती ती पाठ नव्हेच. मराठी भाषा इतकी समृद्ध, परंतु शरीराच्या या भागाला चारचौघांत उच्चारता येईल असा शब्द तिच्यात शोधून सापडत नाही. आपण आज त्याला ‘बैठक’ म्हणू. शब्दच नसल्यामुळे तक्रारही कोणी केली नव्हती. कर्मचारी गुडघ्याचे, उन्हाचे, रहदारीचे कारण सांगत आणि सायकल ठेवून देत.

आमची लबाडी मेट्रनबाईंनी ओळखली. त्या म्हणाल्या, “सर, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस आपण दर दोन तासांनी बदलतो. वॉर्डात त्याचा तक्ता लावलेला असतो. तुम्ही किती वेळ एकाच जागी दाब देऊन बसलात?” ज्या रुग्णालयात शय्याव्रण होऊ नये म्हणून परिचारिका रात्रभर जागतात, तेथे सायकलच्या सीटचा विचार कोणाच्याही मनात आला नव्हता. आमच्या तर नव्हताच.

त्यानंतर आमच्या डॉक्टरमंडळींनी जे समजावून दिले, ते येथे सांगतो. आपण बसतो तेव्हा ओटीपोटाच्या सांगाड्याच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर शरीराचा भार येतो. खुर्चीत तो मांड्यांवरही विभागला जातो. सायकलच्या लहानशा सीटवर मात्र तो थेट त्या हाडांवरच्या त्वचेवर आणि स्नायूंवर पडतो. सवय नसलेल्याला तेथे ठणका लागतो. हे नवशिक्याचे दुखणे होय. एक दिवसाआड, पंधरा-वीस मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू वेळ वाढवली, तर बहुतेकांचे ते दोन-तीन आठवड्यांत निवते. आम्ही पहिल्याच दिवशी तासभर फेरी मारली होती!

दुसरे दुखणे घर्षणाचे. घाम, कपड्याची जाड शिवण आणि पायांची सततची हालचाल यांनी जांघेत सालपटे निघतात. तिसरे म्हणजे बधिरपणा. पुढच्या नाजूक भागातील नसा व रक्तवाहिन्या दबल्या की मुंग्या येतात. ठणका सोसता येतो. बधिरपणा सोसण्याची गोष्ट नव्हे. तो आला की उतरावे आणि सीट तपासावी.

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक कबूल केली पाहिजे. दुखते असे कळताच आम्ही सर्व सायकलींसाठी मऊ, जेलची जाड आवरणे खरेदी केली. मऊ म्हणजे सुखाचे, हा समज. थोड्या वेळापुरते ते खरेही वाटते. परंतु फार मऊ सीटमध्ये हाडे खाली रुततात आणि मधला भाग वर उचलला जाऊन नेमक्या नाजूक जागी दाबतो. हाडांना आधार देईल इतकी टणक आणि त्यांच्या रुंदीला पुरेल इतकी रुंद सीट हवी. स्त्रियांमध्ये या दोन हाडांतील अंतर सामान्यतः अधिक असते, म्हणून पुरुषांसाठी केलेली अरुंद सीट त्यांना अधिक त्रास देते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळ्या सायकलींना स्प्रिंगांवरची रुंद चामडी सीट असे. ते ताठ बसून चालवत आणि चामडे वापराने त्यांच्या बैठकीचा आकार घेई. बर्मिंगहॅमचे जॉन बोल्टबी ब्रुक्स १८६६ पासून चामड्याच्या वस्तू करत. उसन्या सायकलीची सीट बोचली म्हणून ते सीटच्या उद्योगाकडे वळले, असे सांगितले जाते. म्हणजे हे दुखणे सायकलीइतकेच जुने आहे.

ती आवरणे काढून ठेवली. तो खर्च वाया गेला, याची नोंद विश्वस्तांनी घ्यावी.

जे उपयोगी पडले, त्याला पैसे जवळजवळ लागले नाहीत. एका सायकल मिस्त्रींना बोलावून प्रत्येकाच्या उंचीनुसार सीट बसवून घेतली. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली की पाय सरळ व्हावा, ही त्यांची साधी खूण. सीट याहून उंच असेल, तर कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि कातडी घासते. सीटचे टोक वर गेलेले असेल तर पुढे टोचते, खाली झुकलेले असेल तर माणूस घसरतो आणि मनगटांवर भार येतो. म्हणून ती सपाट हवी. दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभे राहून भार क्षणभर उचलावा. मेट्रनबाईंच्या तक्त्याचेच हे सायकलवरचे रूप. लांब जाणाऱ्यांनी आत गादी शिवलेली सायकलची चड्डी घ्यावी. तिच्या आत दुसरे अंतर्वस्त्र नको, कारण त्याचीच शिवण लागते. ती रोज धुऊन उन्हात वाळवावी. घामाचे कपडे पोहोचल्याबरोबर बदलावेत. घासणाऱ्या जागी आधीच थोडे पेट्रोलियम जेली लावावे. भगिनीवर्गासाठी मेट्रनबाईंनी स्वतंत्र बैठक घेतली. आम्ही तेथे नव्हतो, आणि ते योग्यच झाले.

परंतु एका सहकाऱ्याच्या बाबतीत हे सारे उशिरा घडले. त्यांच्या संमतीनेच सांगतो. त्यांना मधुमेह आहे आणि सायकल त्यांनी सर्वांत उत्साहाने स्वीकारली होती. सालपट निघाले, त्याचे गळू झाले. आठ दिवस ते लाजेने गप्प राहिले आणि त्याच सीटवर बसून येत राहिले. स्वतः रुग्णालयात नोकरीला असलेला माणूस, चार दारे ओलांडली असती तर शल्यचिकित्सक भेटले असते. ताप चढला तेव्हा दाखवले. चीर देऊन पू काढावा लागला, आणि रक्तातील साखर वाढलेली असल्याने जखम भरायला पुष्कळ दिवस गेले. आता ते बरे आहेत. आमच्या परिपत्रकात ‘सबब’ असा एक शब्द होता. तो त्यांनी मनाला लावून घेतला होता, हे त्यांच्या पत्नीकडून आम्हांला नंतर कळले. त्यांची क्षमा आम्ही मागितली आहे.

म्हणून रुग्णांच्या नातेवाईकांना एक विनंती. आपल्या घरातील कोणी डॉक्टरांच्या सल्ल्याने सायकल सुरू करत असेल, तर ‘किती किलोमीटर झाले’ याबरोबर ‘कुठे लागते का’ हेही विचारावे. कातडी फुटली, गाठ आली, लाली पसरली किंवा ताप आला, तर सायकल थांबवून दाखवण्यास यावे. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी तर एक दिवसही थांबू नये. आपल्या बाह्यरुग्ण विभागात ही तक्रार आता केसपेपरवर नेहमीच्या शब्दांत लिहून घेतली जाते. कोणी हसत नाही.

ज्या कुटुंबाने सायकली दिल्या, ते आज पहिल्या रांगेत बसले आहे. त्यांनी गेल्या मेळाव्यात ‘सायकली चालतात ना?’ असे विचारले होते आणि आम्ही ‘हो’ म्हणालो होतो. ते उत्तर खरे नव्हते. आज शेडमध्ये काही सायकली अजून उभ्या आहेत, पण बऱ्याच बाहेर आहेत. परिपत्रक मागे घेतले आहे. सीट वर-खाली करण्याचा पाना सुरक्षारक्षकांच्या टेबलाच्या खणात ठेवलेला असून तो मागताना वहीत नाव लिहावे लागत नाही.