लायब्ररी, वाचनालय, ग्रंथसंग्रहालय



इंदूरच्या भंवरकुआं चौकात उभे राहून कोणी 'लायब्ररी कुठे आहे?' असे विचारले, तर 'कोणती?' असा प्रतिप्रश्न होण्याचा संभव अधिक. देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा परिसर येथून जवळ, राज्य लोकसेवा आयोगाचे मुख्यालयही याच शहरात. त्यामुळे स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी-वर्गांची येथे दाटी झाली आणि त्यांच्या पाठोपाठ 'लाइब्रेरी' असे लिहिलेले फलक गल्लोगल्ली लागले. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत, काही ठिकाणी तर अहोरात्र, ही दारे उघडी असतात. आत आडव्या-उभ्या फळ्यांनी अलग केलेली टेबले, प्रत्येकावर दिवा, वातानुकूलन आणि कमालीची शांतता असते. नसतात ती फक्त पुस्तके! ती ज्याची त्याने आणावयाची. महिन्याचे भाडे पडते ते खुर्चीचे.

एखाद्या मराठी घरात नातू 'लायब्ररीत जातो' म्हणून निघतो आणि आजी म्हणते, 'मग माझं पुस्तक तेवढं बदलून आण.' दोघेही मराठीच बोलत असतात, शब्दही एकच असतो; पण एकीच्या मनात कपाट असते आणि दुसऱ्याच्या मनात खुर्ची. ज्या संस्थेने शंभर वर्षे हा शब्द मिरवला, तिच्या सभासदांनी या घटनेकडे केवळ गंमत म्हणून पाहून चालणार नाही.

मूळ लॅटिन भाषेत 'लिबर' म्हणजे झाडाची आतली साल. सालीवर लिहीत, म्हणून पुढे तोच शब्द ग्रंथालाही लागला. आपल्याकडचे भूर्जपत्रही सालच, तेव्हा यात परके असे काही नाही. या 'लिबर'वरून झालेल्या फ्रेंच शब्दाचा अर्थ आज पुस्तकांचे दुकान असा आहे. ग्रंथालयाला फ्रेंच मनुष्य 'बिब्लिओथेक' म्हणतो, आणि त्यातला 'थेक' म्हणजे ग्रीकांची पेटी. इंग्रजीने चौदाव्या शतकात फ्रेंचांकडून शब्द उचलला, परंतु दुकान वगळून संग्रहाचा अर्थ तेवढा ठेवला. मराठीतील 'भांडारा'ची कथा अशीच आहे. पाटण आणि जैसलमेर येथील जैन ज्ञानभांडारे म्हणजे हस्तलिखितांचे जतन करणारी ग्रंथालये. तंजावरच्या मराठे राजांना वारशाने मिळालेले आणि सरफोजी राजे (दुसरे) यांनी वैभवास नेलेले 'सरस्वती महाल' हे मूळचे 'सरस्वती भांडार'च. आज मात्र 'पुस्तक भांडार' अशी पाटी दिसली की ग्राहक खिशात हात घालतो.

इंग्रजी अमलात 'लायब्ररी' मराठी मुलखात आली ती एकटी नव्हे, 'नेटिव्ह' हे विशेषण घेऊन आली. लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यात 1848 साली निघाली ती 'नेटिव्ह जनरल लायब्ररी'. कोल्हापुरास 1850 साली निघाली तीही 'नेटिव्ह लायब्ररी'च. आज त्यांची नावे अनुक्रमे 'पुणे नगर वाचन मंदिर' आणि 'करवीर नगर वाचन मंदिर' अशी आहेत. 'नेटिव्ह' गेले हे योग्यच झाले. त्या शब्दात अपमानाचा वास होता. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. भाषांतर करणाऱ्यांनी पुस्तक धरले नाही, वाचन धरले. इंग्रजी शब्द वस्तूवरून झालेला, मराठी नाव क्रियेवरून. नाशिकचे 1840 सालचे 'सार्वजनिक वाचनालय' याच कुळातले.

ठाण्याचे 1893 सालचे आणि मुंबईचे 1898 सालचे 'मराठी ग्रंथसंग्रहालय' यांची दृष्टी वेगळी होती. आपल्या भाषेत छापले गेलेले पुस्तक, मग त्याला वाचक दहा असोत की एक, कोठेतरी सांभाळले गेले पाहिजे, या तळमळीतून 'संग्रह' हा शब्द आला. तो आपल्या जागी सार्थ होता आणि आहे. तथापि मराठीत 'संग्रहालय' म्हटले की वस्तूंचे आणि प्राण्यांचेही आठवते. जेथे जाऊन पाहावयाचे, हात लावावयाचा नाही. कुलूपबंद कपाटाच्या काचेतून पुस्तकांचे पुठ्ठे वाचणाऱ्या सभासदाला ही शंका अधूनमधून चाटून जात असेल. 'ग्रंथालय' हा तिसरा शब्द. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे तो सरकारी कागदोपत्री रूढ झाला आणि बाकीच्या दोघांना त्याने सौम्यपणे मागे सारले. माळव्यातील मराठी माणसाच्या तोंडी हिंदीच्या सहवासाने 'पुस्तकालय'ही येते. त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही, शब्द संस्कृतच आहे.

एवढे प्रतिशब्द असूनही घरात बोलताना जिंकली ती 'लायब्ररी'च. 'वाचनालयात गेलो होतो' हे वाक्य अहवालात शोभते. माजघरात 'लायब्ररीत गेलो होतो' असेच म्हणतात. मात्र या परक्या शब्दाला मराठीने एक अस्सल देशी क्रियापद जोडून दिले : 'बदलणे'. पुस्तक 'आणावे' किंवा 'घ्यावे' असे न म्हणता ते 'बदलावे' म्हणणे, यात देवघेवीची सारी रीत आली. घरी एक पुस्तक आहेच, ते वाचून झाले आहे, आणि ते परत केल्यावाचून दुसरे मिळणार नाही, एवढे सगळे त्या एका क्रियापदात बसले. दिवाळी अंकांची निराळी वर्गणी भरून महिनोन्‌महिने अंक 'बदलणाऱ्या' गृहिणींनी हा वाक्प्रचार जितका जिवंत ठेवला, तितका कोणत्याही कोशाने ठेवला नसेल.

भंवरकुआंच्या लायब्ररीत बदलण्यासारखे काही नाही. अशाच जागेला पुण्यात 'अभ्यासिका' म्हणतात. किती नेमका शब्द! सदाशिव पेठेत राहून परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी 'अभ्यासिकेत' जातो. तेच करणारा इंदूरचा विद्यार्थी 'लायब्ररीत' जातो. इंदूरच्या मराठी मंडळींनी हा शब्द उचलावा हे उत्तम, परंतु केवळ शब्द सुधारून या मुलांचा दोष दाखविल्याचे समाधान मानणे अन्यायाचे होईल. पांढुर्णा, सौंसर, मुलताई, बऱ्हाणपूर या भागांतून येणाऱ्या कित्येकांच्या घरची भाषा मराठीच आहे. भाड्याच्या खोलीत तिघे-चौघे राहतात, तेथे डोके टेकण्यापुरती जागा, वाचावयाचे कोठे? त्यांना जे हवे ते टेबल, दिवा आणि शांतता. आणि 'वाचनालय' या शब्दाने मूळ वचन दिले होते ते नेमके याच गोष्टींचे! जुन्या वाचनालयांत वृत्तपत्रांच्या लांब टेबलाशी बसणाऱ्यांना सभासदत्वाची अट बहुधा नसे. पुढे टेबले आखडत गेली, कपाटे वाढली, आणि कामाच्या वेळा सेवानिवृत्तांच्या सोयीच्या झाल्या. सोडलेली ती जागा बाजाराने भाड्याने दिली, आणि जाताना फलकावरचे नावही नेले.

नावे मात्र सहजासहजी हलत नाहीत. 2021 साली भंवरकुआं चौकाला टंट्या मामांचे नाव देण्याची घोषणा झाली. त्या वीराचा गौरव उचितच, तरीही रिक्षावाल्याला लोक 'भंवरकुआं'च सांगतात. हिंदीतला 'भंवर' म्हणजे आपला भोवरा आणि 'कुआं' म्हणजे विहीर. भर रहदारीत विहिरीची आठवण कोणाला नाही, शब्द तेवढा टिकला. 'लायब्ररी'तूनही पुस्तक असेच वजा होत आहे.

शताब्दीच्या या वर्षी म्हणूनच कार्यकारिणीपुढे एक साधी गोष्ट ठेवावीशी वाटते. वाचनकक्ष रात्री दहापर्यंत उघडा ठेवावा, खुर्चीचे शुल्क घेऊ नये, आणि मुले जेथे बसतील त्याच भिंतीला मराठी कथा-कादंबऱ्यांची दोन उघडी, बिनकुलुपाची कपाटे लावावीत. परीक्षेच्या पुस्तकावरून मान वर केली की समोर दिसतील अशी. वर्षभराने देवघेवीच्या नोंदवहीत किती नव्या नावांपुढे 'पुस्तक बदलले' अशी नोंद होते, ते ग्रंथपालांनी सभासदांना सांगावे.