फोटोच्या मागे नाव लिहा

आम्ही माजरीच्या दोघी बहिणी. आमचे बाबा कोळसा खाणीत कामाला होते. लहानपणी एकदा सगळं घर रेल्वेनं वरोऱ्याला फोटो काढायला गेलं. पाऊस लागला म्हणून थांबलो, तर स्टुडिओवाल्या काकांनी आम्हा दोघींना आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथं फक्त लाल दिवा. काकांनी कोरा दिसणारा कागद औषधाच्या पाण्यात सोडला आणि ट्रे हलवत राहिले. आधी मायचे केस उमटले, मग कुंकू, मग डोळे. तेव्हापासून काळ्या-पांढऱ्या फोटोचं वेड लागलं, ते आजही आहे.

मोठेपणी होमाई व्यारावाला यांच्याविषयी वाचलं. जन्म १९१३ चा. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. माणेकशा यांची ओळख झाली तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. कॅमेरा त्यांच्याकडूनच शिकल्या, पुढे लग्नही त्यांच्याशीच झालं. गांधीजींची अंत्ययात्रा त्यांनी टिपली. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. पण सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात!

हे वाचून आम्हाला आमची पेटी आठवली. माय गेल्यावर दिवाळीच्या साफसफाईत तिच्यात एक फोटो सापडला होता. लग्नाच्या मांडवात पाच बाया. त्यातली एक माय. बाकीच्या चौघी कोण? गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं, कोणालाच सांगता आलं नाही. माय असती तर एका दमात सांगितलं असतं. आम्ही वेळेवर विचारलं नाही, याची खंत आजही आहे.

काळा-पांढरा फोटो चांदीच्या बारीक कणांनी बनतो. म्हणून नीट ठेवला तर जुन्या रंगीत फोटोपेक्षा जास्त टिकतो. ओल आलेल्या भिंतीवर टांगू नका, चुलीच्या धुरात ठेवू नका. कागदी पाकिटात घालून कोरड्या पेटीत ठेवा. फोटो टिकेल, पण नावं आपोआप टिकत नाहीत.

म्हणून बायांनो, पुढच्या गटाच्या बैठकीला घरातला एक जुना फोटो आणा. सासूबाईंना, आजीला शेजारी बसवा. प्रत्येक बाईचं नाव, तिचं गाव विचारा. फोटोच्या मागे काठाजवळ मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहा. पेन नको, शाई पुढे उतरते. आणि फोटो काढणारी बाई असेल, तर तिचंही नाव लिहा.