अपघाताच्या दाव्यातील साक्ष
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपणां सर्वांस तोंडपाठ आहे. परंतु मोटारीच्या ठोकरीने जायबंदी झालेल्या मनुष्यास नुकसानभरपाई मिळवावयाची तर पुष्कळदा ती पायरी चढावीच लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये असा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. अर्ज वकील लिहितात. साक्ष मात्र बहुधा जखमीस स्वतःच द्यावी लागते.

साक्षीचे टप्पे तीन. पहिली सरतपासणी, ती हल्ली बहुधा प्रतिज्ञापत्रानेच होते. सही करण्यापूर्वी ते अक्षरशः वाचावे, इंग्रजीत असल्यास समजावून घ्यावे. कारण पुढील प्रश्न त्यातूनच निघतात. दुसरी विमा कंपनीच्या वकिलांची उलटतपासणी. ‘आपण न पाहताच रस्ता ओलांडलात, हे खरे ना?’ असा उत्तर सुचविणारा प्रश्न विचारण्याची त्यांस कायद्याने मुभा आहे. त्याने संतापू नये. खरे नसेल तर ‘खरे नाही’ एवढेच म्हणावे. तिसरी, जरूर पडल्यास, खुलाशापुरती फेरतपासणी.

प्रश्न पुरता ऐकावा. न समजल्यास पुन्हा विचारावयास सांगावे. विचारले तेवढेच बोलावे. वेग वा अंतर ठाऊक नसेल तर अंदाज ठोकू नये. ‘आठवत नाही’ हेही प्रामाणिक उत्तरच होय.

दुखणे फुगवून सांगू नये, तसेच भिडेने झाकूही नये. अपंगत्वाचे शेकडा प्रमाण म्हणजेच कमाईची हानी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे. डावा हात गेलेल्या सुताराचा धंदाच बसतो. कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. म्हणून आपण पूर्वी कोणते काम करीत होतो आणि आज त्यातील काय होत नाही, हे तपशिलाने सांगावे. भगिनींना आमची खास विनंती आहे, की ‘मी घरीच असते, काही करीत नाही’ असे म्हणू नये. गृहिणीच्या श्रमाचे मोल न्यायालये धरतात; आपल्याच तोंडाने ते शून्य का करावे?

येथे फौजदारी खटल्याइतका कडेकोट पुरावा लागत नाही. अधिक संभाव्य काय, हे पाहिले जाते. तेव्हा पढविलेल्या साक्षीपेक्षा साधे सत्यच अधिक उपयोगी पडते. हा प्रसंग आपणांपैकी कोणावरही न येवो. आलाच, तर धीर सोडू नये, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.