क्लोरोफॉर्मचा रुमाल
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आठवीत असताना भूगोलाच्या पुस्तकात बाबुराव अर्नाळकरांचा ‘झुंजार’ लपवून वाचताना मी पकडली गेले होते. सरांनी पुस्तक जप्त केलं आणि चार दिवसांनी, स्वतःचं वाचून झाल्यावर, परत दिलं!

त्या काळच्या रहस्यकथांत एक प्रसंग हमखास असे. अंधारातून हात येई, नाकावर क्लोरोफॉर्मचा रुमाल दाबला जाई आणि पाच सेकंदांत माणूस गाढ झोपी जाई. पुढे मी भूलतज्ज्ञ झाले आणि तो रुमाल माझ्या मनातून उतरला.

एडिंबरोच्या डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म वापरात आणला. त्याने शुद्ध हरपते, पण त्याला काही मिनिटं लागतात. त्याआधी माणूस हातपाय झाडतो, ओरडतो. पुढेही वाफ देत राहावं लागतं, हनुवटी उचलून धरावी लागते. नाहीतर जीभ मागे पडून श्वास कोंडतो. कधी हृदयच थांबतं. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना दगावली. क्लोरोफॉर्म किती सुरक्षित, या वादापायी निजामाच्या हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले.

मग हे सगळं कादंबरीत लिहायचं का? माझा एक वर्गमित्र म्हणतो, “डॉक्टरीणबाई, तुझं विज्ञान तुझ्यापाशी ठेव. मला रात्र जागवणारं पुस्तक हवंय.” त्याचं मला अर्धं पटतं. ‘ज्युरासिक पार्क’मध्ये मायकल क्रायटनने राळेत अडकलेल्या डासाच्या पोटातल्या रक्तातून डायनोसॉर उभे केले. डीएनए इतकी कोट्यवधी वर्षं टिकत नाही. पण ती एक थाप लेखकाने सुरुवातीलाच मागून घेतली, आपण हसत दिली आणि पुढे जीव मुठीत धरून वाचलं.

उरलेलं अर्धं पटत नाही, ते ॲगाथा ख्रिस्तीमुळे. पहिल्या महायुद्धात त्या टॉर्कीच्या एका रुग्णालयात औषधं तयार करून देत. १९२० मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीत विषप्रयोग आहे. शेवट फोडत नाही. पण औषधाच्या बाटलीवर ‘वापरण्यापूर्वी हलवा’ असं का लिहितात, हे ज्याला ठाऊक, त्याच्या हाती रहस्याची किल्ली होती. औषधशास्त्राच्या नियतकालिकानेही त्यांची पाठ थोपटली. तिथे विज्ञान बाजूला काढलं, तर मजाच उरत नाही.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. गोष्ट सुरू करायला एक थाप चालेल; अडलेली गोष्ट सोडवायला नको. पाच सेकंदांचा रुमाल बहुधा लेखकाचीच अडचण सोडवायला आलेला असतो.

आणि एक. एका गृहस्थांनी ऑपरेशनपूर्वी “काही खाल्लेलं नाही” असं सांगितलं. भूल चढत असतानाच त्यांना उलटी झाली. ती श्वासनलिकेत जाण्याआधी आम्ही कशीबशी ओढून काढली. नंतर ते ओशाळून म्हणाले, “पहाटे चहा-बिस्किटं घेतली होती. भूल म्हणजे झोपच ना? वाटलं, तेवढ्याने काय होतंय!” त्यांनी रहस्यकथा वाचल्या होत्या का, हे मी विचारलं नाही. पण भूल म्हणजे दिवा मालवायचं बटण, ही समजूत कुठून तरी येतेच. माणसाला झोपवणं हे आमचं निम्मं काम. त्याला सुखरूप परत आणणं हे उरलेलं, आणि जास्त अवघड.

तेव्हा रहस्यकथा जरूर वाचा, नातवंडांनाही द्या. रुमाल आला की हसा आणि पान उलटा. पण आपण सगळेच आता साठी ओलांडलेले. कुणावर ऑपरेशनची वेळ आली, तर भूलतज्ज्ञापासून चहा लपवू नका.