रूळ कोणी टाकले?

(उत्सवातील व्याख्यानाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि वीस वर्षं रुळांची देखभाल करतो आहे. आमचं बोलणं गँगशी, आणि तेही ब्लॉक संपायच्या आत उरकायचं. पण कार्यवाह म्हणाले, "अमेरिकेला जाऊन आलात, तिथलं काही सांगा." तिथले रस्ते आणि मॉल तुम्ही सर्वांनी फोटोत पाहिले आहेत. मी एका घरातलं जेवणाचं टेबल नीट पाहून आलो. त्या टेबलाविषयीच बोलतो.

माझी धाकटी बहीण पेनसिल्व्हानिया राज्यात असते. तिला एक मुलगी, एक मुलगा. 2021 मध्ये तिने फोनवर सांगितलं, "दादा, मुलांना शाळेतून काढलं. आता मी घरीच शिकवणार." मी तिला नको ते बोललो. घरच्या परिस्थितीमुळे मला पदवी करता आली नाही. कागद नसला की माणसाचं कुठे कुठे अडतं, हे मला विचारा. मी म्हटलं, "शाळा सोडणं म्हणजे तिकीट फाडून गाडीत बसणं आहे. टीसी आला की काय दाखवशील?" तिने फोन ठेवला. पुढे कित्येक महिने आमचं बोलणं फक्त सणावारी, तेही आईच्या मध्यस्थीने.

2023 च्या उन्हाळ्यात परवानगी, रजा, व्हिसा सगळं जमवून गेलो ते तिची समजूत घालायलाच. तेव्हा भाची अकरा वर्षांची होती, भाचा आठ वर्षांचा.

पहिली गोष्ट कळली ती ही, की तिकीट फाडलेलं नव्हतं. अमेरिकेत घरी शिकवणं सगळ्या राज्यांत कायदेशीर आहे. नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. पेनसिल्व्हानियाचे तसे कडक. वर्षाच्या सुरुवातीला पालकाने प्रतिज्ञापत्र द्यायचं. वर्षाला 180 दिवस शिक्षण झालं पाहिजे, किंवा प्राथमिक वयाच्या मुलांसाठी 900 तास. अमेरिकेचा आणि त्या राज्याचा इतिहास शिकवलाच पाहिजे. तिसरी, पाचवी आणि आठवीत प्रमाणित चाचणी. आणि वर्षाअखेर एक पात्र परीक्षक येऊन मुलांच्या वह्या तपासतो, मुलांशी बोलतो आणि लिहून देतो. आमच्या वार्षिक इन्स्पेक्शनसारखंच म्हणा!

दुसरी गोष्ट तो खोका. तिथे काही संस्था वर्षभराचा अभ्यासक्रम एकत्र बांधून विकतात. खोक्यात पाठ्यपुस्तकं कमी आणि गोष्टीची पुस्तकं जास्त: ऐतिहासिक कादंबऱ्या, चरित्रं, नकाशे. सोबत आईसाठी जाडजूड मार्गदर्शिका. तिच्यात 36 आठवड्यांचे तक्ते. सोमवारी कुठल्या पुस्तकाची कुठली प्रकरणं वाचायची, नकाशावर कुठली नदी दाखवायची, मुलांना काय विचारायचं, सगळं रकान्यात. मी ते पान पाहिलं आणि म्हटलं, "अगं, हे तर आमचं वर्किंग टाइम टेबल!" कित्येक महिन्यांनी ती माझ्याशी मोकळेपणाने हसली. हा संच स्वस्त नाही. तिने मार्गदर्शिका नवी घेतली, पुस्तकं मात्र जुन्या बाजारातून आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयातून जमवली.

सकाळी नाश्ता झाला की टेबल पुसायचं आणि आई अर्धा तास मोठ्याने वाचणार. मग भाची आपलं पुस्तक स्वतः वाचणार. नंतर पुस्तक मिटून, वाचलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. गाळलेल्या जागा भरा नाही, जोड्या लावा नाही. सांगता आलं तर समजलं, नाही तर उद्या पुन्हा. गणिताचं पुस्तक वेगळं, ते दुपारी.

मी गेलो तेव्हा 'जॉनी ट्रेमेन' नावाची कादंबरी चालू होती. एस्थर फोर्ब्ज या लेखिकेचं 1943 चं पुस्तक. बोस्टनमधला चांदीकाम शिकणारा पोरगा, वितळलेल्या चांदीने त्याचा हात भाजतो आणि धंदाच हातचा जातो. त्या पोराच्या मागे मागे जात मुलं 16 डिसेंबर 1773 च्या रात्री बंदरावर पोचतात. तिथे चहाच्या 342 पेट्या पाण्यात फेकल्या जातात. चहा कोणाचा? ईस्ट इंडिया कंपनीचा! तीच, आपल्या ओळखीची.

भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावली होती. तिच्यावर लाल रेघेत अमेरिकेच्या घटना, हे मार्गदर्शिकेप्रमाणे. त्याखाली बहिणीने स्वतः एक निळी रेघ ओढली होती, ती आपली. 1773 खाली तिने लिहिलं होतं: शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून. 1776, वर स्वातंत्र्याचा जाहीरनामा, खाली पुरंदरचा तह. 1861 ते 1865, वर यादवी युद्ध, खाली मुंबईच्या कापसाची तेजी. तिकडचा कापूस बंद पडला म्हणून इकडच्याला भाव आला. आणि 1873 खाली महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी', जे त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. मी शाळेत अमेरिकेची राज्यक्रांतीही शिकलो आणि पेशवाईही. दोन्ही एकाच सालात चालू होत्या हे मला चाळिशी उलटल्यावर त्या भिंतीपाशी कळलं.

एक पुस्तक माझ्या मनाला लागलं. नॅथॅनिएल बाउडिच या माणसाचं चरित्र, मुलांसाठी गोष्टीरूपाने जीन ली लॅथम यांनी लिहिलेलं. या मुलाची शाळा दहाव्या वर्षी सुटली. बाराव्या वर्षी त्याला जहाजाचं सामान विकणाऱ्या दुकानात करारावर बांधून घातलं. त्याने न्यूटन वाचता यावा म्हणून स्वतः लॅटिन शिकून घेतलं आणि 1802 मध्ये नौकानयनावर असा ग्रंथ काढला की जहाजांवर तो हाताशी असणं नेमाचं झालं. भाची वाचून झाल्यावर म्हणाली, "मामा, तूसुद्धा कॉलेजला गेला नाहीस ना? पण पूल बघून सांगतोस." मी काही बोललो नाही. चहा प्यायला उठलो.

पण म्हणून सगळंच छान, असं सांगायला मी उभा नाही. गोष्टीत एक धोका आहे. ज्याच्या डोळ्यांनी गोष्ट सांगितली त्याचंच खरं वाटू लागतं. लॉरा इंगल्स वाइल्डर यांची 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' ही कादंबरी अशा संचांत बरेचदा असते. माळरानावर घर बांधणारं कुटुंब, बापाचं फिडल, मुलांना फार आवडते. पण ती जमीन ओसेज लोकांची होती. 1935 च्या मूळ पुस्तकात त्या प्रदेशाचं वर्णन असं होतं, की तिथे माणसं नाहीत, फक्त इंडियन राहतात. एका वाचकाने हरकत घेतल्यावर 1953 च्या आवृत्तीत 'माणसं' काढून 'वसाहतकरी' केलं.

भाच्याने हे ऐकलं आणि विचारलं, "आई, इंडियन म्हणजे आपण ना? आपण माणसं नाही?" आम्ही आधी हसलो. मग बहीण गप्प झाली आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयातून 'द बर्चबार्क हाउस' घेऊन आली. लुईझ अर्डरिक या ओजिब्वे लेखिकेचं, 1847 सालातल्या ओजिब्वे मुलीची गोष्ट. तेच शतक, तशीच छोटी मुलगी, पण दार आतून उघडलेलं. बहीण म्हणाली, "दादा, खोका नुसता घेऊन चालत नाही. खोक्यात कोण नाही, ते मला रोज बघावं लागतं."

मग आमचं खातं आलं. अमेरिका जोडणारी पहिली रेल्वे. 1862 चा कायदा, सॅक्रामेंटोकडून एक कंपनी, ओमाहाकडून दुसरी, आणि 10 मे 1869 ला युटामध्ये प्रोमोंटरी समिट इथे दोन्ही रूळ मिळाले. मी दोन दिवस शिक्षक झालो! सिएरा नेवाडातला समिट बोगदा 1,659 फूट, अखंड ग्रॅनाइट. दोन्ही तोंडांनी काम, शिवाय मधे वरून विहिरीसारखा खड्डा पाडून तिथूनही दोन्हीकडे. तरी दिवसाची प्रगती इंचांत. मी कागदावर काढून दाखवलं. भाचीने मग लॉरेन्स येप यांचं 'ड्रॅगन्स गेट' वाचायला घेतलं. चीनहून वडील आणि मामा यांच्यापाठोपाठ त्या डोंगरात गेलेल्या मुलाची गोष्ट. त्या बाजूचे बहुतेक मजूर चिनी होते. जून 1867 मध्ये त्यांनी गोऱ्यांइतक्या मजुरीसाठी संप केला, तेव्हा कंपनीने त्यांचं रेशन तोडलं आणि संप मोडला. रूळ मिळाल्याच्या प्रसिद्ध फोटोत ते जवळजवळ दिसतच नाहीत. 1882 मध्ये कायदा करून चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी केली. अमेरिकेच्या श्रम खात्याने त्यांचा सन्मान केला तो 2014 मध्ये.

त्या आठवड्याच्या शेवटी बहीण आम्हाला अल्टूनाजवळचं हॉर्सशू कर्व्ह बघायला घेऊन गेली. 1854 सालचं घाटातलं वळण, घोड्याच्या नालासारखं, अजून त्यावर गाड्या धावतात. मी हरखून वळणाचा अंदाज करत उभा होतो. भाची म्हणाली, "मामा, हे आयरिश मजुरांनी कुदळीने खोदलं. आपल्या घाटातली रेल्वे कोणी बांधली?"

मी म्हटलं, "बोरघाट? इंग्रजांनी. 1856 ला काम सुरू, 1863 ला गाडी चालू. चढ 37 ला 1."

"ते नाही. हातांनी कोणी?"

सांगतो तुम्हाला, वीस वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीही कोणाला विचारला नव्हता. त्या घाटातून मी शेकडो वेळा गेलो असेन. चढ सांगितला, साल सांगितलं, पण माणूस सांगता येईना. तिच्या मामाला अमेरिकेतल्या चिनी मजुरांचा संप माहीत, आणि खंडाळ्याचं काहीच नाही.

परत आल्यावर शोधून वाचलं. हजारो मजूर होते. पटकीने आणि अपघातांनी किती गेले त्याची नावनिशी नाही. जानेवारी 1859 मध्ये मजुरी थकली म्हणून घाटात दंगा झाला. त्याच वर्षी नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. हे सगळं मी भाचीला पत्राने लिहून पाठवलं. भिंतीवरच्या निळ्या रेघेवर 1859 आता भरलं आहे.

बहिणीचं मी चुकलो म्हणून सांगितलं का? अर्धं सांगितलं. हे काम सोपं नाही. तिने नोकरी सोडली आहे. घरात एकच पगार. आई आजारी पडली की शाळा बंद. मुलांना सवंगडी मुद्दाम शोधावे लागतात. आणि आई ज्या गोष्टीचा विचार करणार नाही, ती मुलांना कळणारच नाही. आपल्याकडे कोणी उठून मुलांना शाळेतून काढावं, असं मी मुळीच म्हणत नाही. कागदाची किंमत मला आजही वाटते. पण टेबलावरचा तो अर्धा तास कुठलीही शाळा न सोडता आपल्यालाही घेता येईल.

मी घरी सुरुवात केली. माझा मुलगा आठवीत. पहिल्या रविवारी त्याने विचारलं, "बाबा, हे परीक्षेत येणार आहे का?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "मग कशाला?" मला उत्तर सुचलं नाही, मी वाचत राहिलो. तिसऱ्या रविवारी मला रात्रपाळीनंतर झोप लागली, तर त्यानेच उठवलं.

आपण इथे बिलासपूरला राहतो. पंचवीस किलोमीटरवर रतनपूर. 1758 पासून बिंबाजी भोसल्यांनी तिथून छत्तीसगडचा कारभार केला. आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? आणि ठाऊक झालं, तर पुढचा प्रश्नही त्यांना विचारता यावा: इथल्या शेतकऱ्याला तो कारभार कसा वाटला? लाल रेघेखाली निळी ओढायची, तशी निळीखाली तिसरीही.

मंडळाला माझी एवढीच विनंती. ऑफिसातलं एक कपाट पुस्तकांना द्या आणि महिन्यातला एक रविवार वाचनाला द्या. आपल्यात निवृत्त ट्रॅकमन आहेत, ड्रायव्हर आहेत, नोकरीनिमित्त इथे येऊन इथलीच झालेली माणसं आहेत. त्यांनाही बोलवा आणि त्यांना मुलांसमोर बसवा. मुलं प्रश्न विचारतील. उत्तर आलं नाही तर लाजू नका. मी लाजलो नाही, घरी येऊन शोधलं.

बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पदरात घ्यावं. गणपती बाप्पा मोरया!