फिरलेल्या शब्दाचा हिशेब

(गांवच्या चावडीपुढें भरलेल्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



निवडणूक जवळ आली कीं चावडीवर, न्हाव्याच्या दुकानांत, पाणवठ्यावर एकच वाद ऐकूं येतो. अमक्यानें शब्द फिरवला. आतां त्याला मत द्यावें कीं नाहीं? एक म्हणतो, राजकारणांत हें चालायचेंच. दुसरा म्हणतो, ज्याची जीभ एक नाहीं त्याला दारांत उभा करूं नये. दोघेही तावातावानें बोलतात, आणि मतदानाच्या दिवशीं भावकी पाहून बटण दाबून येतात.

आम्ही शाळामास्तर. आमचा पक्ष नाहीं आणि आज कोणाचा प्रचारही आम्ही करणार नाहीं. पण हिशेब शिकवणें हा आमचा धंदा आहे. तेव्हां फिरलेल्या शब्दाचा हिशेब कसा मांडावा एवढेंच सांगतों. दाखला मुद्दाम परक्या मुलखाचा घेतों. जवळचा घेतला तर निम्मे लोक आपला म्हणून त्याची बाजू घेतील, निम्मे परका म्हणून शिव्या देतील, आणि हिशेब तसाच राहील.

लंडन शहरांत केन लिव्हिंग्स्टन नांवाचे एक पुढारी होऊन गेले. साधारण घरचे. आधीं प्रयोगशाळेंत मदतनिसाची नोकरी केली, मग आमच्यासारखेंच मास्तरकीचें ट्रेनिंग घेतलें. पण वर्गावर उभे राहण्याऐवजीं ते राजकारणांत शिरले. त्यांत त्यांनीं शब्द आणि बाजू कधीं कशी बदलली, तेवढेंच पाहूं.

१९८१ सालच्या मे महिन्यांत लंडनच्या मोठ्या कौन्सिलची निवडणूक झाली व मजूर पक्ष जिंकला. पक्षाचे पुढारी म्हणून लोकांपुढें नांव होतें अँड्र्यू मॅकिंटॉश यांचें. मतदानाच्या दुसऱ्याच दिवशीं निवडून आलेल्या सभासदांची बैठक झाली. त्यांत ३० विरुद्ध २० मतांनीं मॅकिंटॉश खालीं आले व लिव्हिंग्स्टन पुढारी झाले. तशी कुणकुण आधीं होती आणि विरोधी हुजूर पक्षाचे लोक तसें बोलतही होते. तरी ज्या मतदारानें मॅकिंटॉश यांच्याकडे पाहून मत दिलें, त्याला कोणीं विचारलें? कोणींच नाहीं.

पुढें या कौन्सिलनें बस व रेल्वेचें भाडें सुमारें एक तृतीयांशानें उतरवलें. पण वर्ष संपण्यापूर्वीं वरिष्ठ न्यायासनानें तें बेकायदा ठरवलें. कौन्सिलचें कचेरीघर थेम्स नदीच्या एका कांठीं आणि पार्लमेंट समोरच्या कांठीं. कौन्सिलनें छतावर फलक लावून लंडनांत बेकार किती, तो आंकडा सरकारच्या डोळ्यांपुढें धरला. थॅचरबाईंच्या सरकारला हें रुचलें नाहीं. ३१ मार्च १९८६ रोजीं ती कौन्सिलच मोडून टाकली. मग चौदा वर्षें एवढ्या मोठ्या शहराला आपली एक सभा नव्हती.

१९९७ सालीं मजूर पक्षाचें सरकार आलें. ७ मे १९९८ रोजीं लंडनच्या लोकांना विचारलें कीं, सगळ्या शहरानें थेट निवडलेला महापौर हवा काय? शंभरांतील ७२ मतें होकाराचीं पडलीं. आतां पक्षाचा उमेदवार कोण? लिव्हिंग्स्टन यांच्याकडे लोकांचा ओढा होता. पण पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना ते नको होते. हे निवडून आले तर लंडनचा सत्यानाश होईल, असें ब्लेअर उघड म्हणत. त्यांच्या पसंतीचे गृहस्थ होते फ्रँक डॉबसन.

आतां येथें हिशेब नीट पाहा. पक्षानें उमेदवार निवडण्यासाठीं तीन पारडीं केलीं व तिन्हींचें वजन सारखें ठेवलें. एकांत लंडनचे खासदार व पक्षानें ठरवलेले सभेचे उमेदवार, म्हणजे सुमारें पाऊणशें माणसें. दुसऱ्यांत पक्षाचे साधे वर्गणीदार सभासद, हजारोंनीं. तिसऱ्यांत कामगार संघ. सभासदांपैकीं शेंकडा ६० लिव्हिंग्स्टन यांच्याकडे. कामगार संघांच्या मतांपैकीं शेंकडा ७२ त्यांच्याकडे, आणि तेंही कांहीं संघांनीं आपल्या सभासदांना न विचारतां डॉबसन यांना मत टाकलें असतांना. पण पाऊणशें मोठ्यांच्या पारड्यांत शेंकडा ८६ वर डॉबसन यांना. तिन्हींची बेरीज करून तिनानें भागलें कीं येतात डॉबसन ५१.५ व लिव्हिंग्स्टन ४८.५. बेरीज बरोबर आहे. वजनेंच खोटीं होतीं. पाऊणशें शेटजी एका बाजूला व हजारों रयत एका बाजूला, आणि कांटा म्हणतो दोन्ही सारखे!

पण लिव्हिंग्स्टन यांचाही एक शब्द अडकलेला होता. पक्षाविरुद्ध अपक्ष उभा राहणार नाहीं, असें ते वारंवार सांगत आले होते. ६ मार्च २००० रोजीं त्यांनीं तो शब्द मोडला व अपक्ष उभे राहत असल्याचें जाहीर केलें. मी असें म्हटलेंच नव्हतें, माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला, असली पळवाट त्यांनीं काढली नाहीं. शब्द दिला होता, तो मोडतों आहें, असें म्हणून माफी मागितली. पक्षानें त्यांना काढून टाकलें.

मतदानाला अजून दोन महिने होते. ज्याला तो शब्दभंग अक्षम्य वाटला, त्याच्या हातीं मत शिल्लक होतें. ४ मे रोजीं मतदान झालें. त्या वेळीं तेथें पहिली व दुसरी अशा दोन पसंत्या देतां येत. पहिल्या पसंतीचीं ६,६७,८७७ मतें, शेंकडा ३९, लिव्हिंग्स्टन यांना. हुजूर पक्षाचे स्टीव्ह नॉरिस यांना शेंकडा २७. सरकारचे लाडके डॉबसन शेंकडा १३ वर तिसरे. दुसरी पसंती मिळवल्यावर लिव्हिंग्स्टन शेंकडा ५८ वर जाऊन महापौर झाले. ज्यांना पक्षानें हलकें तोललें होतें त्यांनींच पुन्हा वजन केलें, आणि या वेळीं कांटा त्यांच्या हातीं होता.

मग शब्द फिरवण्याची पाळी पक्षावर आली. सत्यानाश कांहीं झाला नाहीं, आणि २००४ ची निवडणूक तोंडावर आली. पक्षानें निकी गॅव्हरन नांवाच्या बाईंना उमेदवारी दिलेली होती. त्या बाजूला झाल्या, आणि ज्यांना हांकललें त्याच लिव्हिंग्स्टन यांना जानेवारी २००४ मध्यें सन्मानानें परत घेतलें. आपला अंदाज चुकला असें ब्लेअर यांनीं कबूल केलें. ही कबुलीही मतापूर्वींच झाली, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. जूनमध्यें लिव्हिंग्स्टन पुन्हा निवडून आले.

आणखी एकदां त्यांनीं शब्द फिरवला तो बसगाडीचा. मागून उघडी, कंडक्टर असलेली जुनी लाल बस लंडनवाल्यांच्या जिवाभावाची. ती काढणारा माणूस माणुसकी नसलेलाच, असें लिव्हिंग्स्टन २००१ सालीं बोलून गेले. आणि ९ डिसेंबर २००५ रोजीं त्यांच्याच कारकीर्दींत ती नेहमींच्या मार्गावरून शेवटची धांवली. कारण खोटें नव्हतें. पांगळ्या माणसाला, मुलाची ढकलगाडी घेतलेल्या बाईला त्या बसमध्यें चढतां येत नसे. पण हें कारण शब्द देतांनाही तेवढेंच खरें होतें! २००८ सालीं विरोधी उमेदवार बोरिस जॉन्सन यांनीं तसली बस परत आणतों म्हणून सांगितलें, आणि लिव्हिंग्स्टन हरले. एवढ्या एकाच कारणानें हरले असें नव्हे. पण लोक विसरले नव्हते.

आतां घरची गोष्ट सांगतों. तींत आमचाही दोष आहे, म्हणूनच ती सांगणें भाग आहे. नोकरींत लागण्यापूर्वीं आम्ही तालुक्याच्या गांवीं राहत होतों. तेव्हां तेथें नगराध्यक्ष नगरसेवकच आपसांत निवडीत. आमच्या वॉर्डांत कुंभारआळी होती. आळीमागें पालिकेची पडीक जागा. तेथें पिढ्यान् पिढ्या आवा पेटे. एका उमेदवारानें आळींत येऊन शपथेवर सांगितलें कीं, ही जागा आव्यालाच राहील, ती दुसऱ्या कोणाला जाऊं देणार नाहीं. आम्ही चार बुकें शिकलेले, म्हणून आळीनें आम्हांस विचारलें, माणूस खात्रीचा आहे ना? आम्हीं मान हलवली.

तो निवडून आला. नगराध्यक्षाच्या निवडीपूर्वीं आठ दिवस त्याला जीपगाडींतून सहलीला नेलें. परत आला तो थेट सभागृहांत, आणि दुसऱ्याच गटाकडे हात वर करून बसला. त्या गटाचा डोळा त्याच जागेवर होता. सहा महिन्यांत तेथें दुकानांचे गाळे उभे राहिले. आवा गांवाबाहेर गेला. कच्चीं मडकीं गाडींतून नेतां नेतां फुटूं लागलीं. आळींतल्या दोन घरांनीं चाक बंद केलें, त्यांचीं मुलें वीटभट्टीवर मजुरीला गेलीं. त्या गृहस्थाला विचारलें तर म्हणाला, विकासासाठीं जावें लागलें. आळींतली एक म्हातारी आम्हांस एवढेंच म्हणाली, "बाळा, मान तूंच हलवलीस ना?" तिला देण्यासारखें उत्तर तेव्हां नव्हतें. आजही नाहीं.

तेव्हांपासून आम्हीं फिरलेल्या शब्दाला तीन प्रश्न विचारायचे ठरवलें आहे. पहिला : शब्द मतापूर्वीं फिरला कीं मतानंतर? मतापूर्वीं फिरला तर न्याय तुमच्या हातीं आहे. मतानंतर फिरला तर ती चोरी आहे. दुसरा : उघड्यावर फिरला कीं अंधारांत? चार लोकांपुढें चूक कबूल करणारा आणि सहलीहून गुपचूप परतणारा, हे एका मापाचे नव्हेत. तिसरा : फिरल्यानें कोणाचें काय गेलें? पुढाऱ्याचा पक्ष गेला कीं कुंभाराचा आवा गेला? स्वतः किंमत देऊन फिरतो तो एक, दुसऱ्याला किंमत द्यायला लावून फिरतो तो निराळा. या मापानें पाहिलें तर एकाच लिव्हिंग्स्टन यांचा २००० सालचा हिशेब जमेचा निघतो, आणि १९८१ चा व बसगाडीचा मतदाराशीं बाकीच राहतो. माणूस चांगला कीं वाईट हा वादच नको. शब्द एकेक करून तपासावा.

कोणी म्हणेल, कायदा आहे ना? आहे. पक्ष सोडणाऱ्या सभासदाचें पद जावें असा आपल्या महाराष्ट्रांत १९८६ चा कायदा आहे. पण तो पक्षाशीं केलेली फारकत पाहतो, आळीला दिलेला शब्द पाहत नाहीं. दुसरा म्हणेल, अध्यक्षच थेट निवडावा. मुंबईचा महापौर नगरसेवकच निवडतात. पण सरपंच थेट लोकांनीं निवडावा असें २०१७ सालीं ठरलें, २०२० सालीं तें मोडलें, २०२२ सालीं पुन्हा आलें. कायद्यानेंच तीनदां कूस बदलली! थेट निवड बरी, पण तीही आपोआप राखण करीत नाहीं. शेत कितीही आपलें असलें तरी माळ्यावर कोणी बसावें लागतेंच.

म्हणून एवढेंच करा. उमेदवार आळींत आला कीं त्याचा शब्द एका वहींत तारीख घालून लिहून घ्या, त्याला वाचून दाखवा व त्याची सही घ्या. वही शाळेची नको, पक्षाची नको, आळीची असूं द्या. लिहितीं-वाचतीं मुलें-मुली आतां घरोघर आहेत. दरवर्षीं एकदां ती वही चावडीवर मोठ्यानें वाचा, आणि तो निवडून आला असेल तर त्यालाही बोलवा. ज्याला शब्द बदलायचा असेल त्यानें तेथें उभें राहून कारण सांगावें. पटलें तर आपण माफ करूं. नाहीं पटलें तर पुढच्या मताला वही बरोबर घेऊन जाऊं.

आणि दुसऱ्याच्या खात्रीवर मत देऊं नका. मास्तरानें मान हलवली तरी नका. इतकें सांगून आम्ही आपली रजा घेतों.