छातींतला कफ आणि औषधाची बाटली

खोकला आला कीं तो थांबवावा, ही घरोघरची समजूत. परंतु छातींत कफ भरला असतां येणारा खोकला म्हणजे शरीरानें नेमलेला झाडूवालाच होय. श्वासनलिकांच्या आंतल्या बाजूस केसांहून बारीक तंतू असतात. ते कफ हळूहळू वर ढकलतात आणि खोकला त्यास शेवटचा धक्का देतो. कफ घट्ट झाला म्हणजे हें काम अडतें. तो पातळ होऊन सुटावा, एवढेंच कफोत्सारक औषधाचें कार्य. पहिल्या मात्रेनंतर खोकला थांबला नाहीं म्हणून बाटलीस दोष देणारे गृहस्थ तिच्याकडून भलतीच अपेक्षा करीत असतात.

अडुळशाचा काढा आजीबाई पूर्वापार देत आल्या. त्याच्या पानांतील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झीन हें औषध सिद्ध झालें. मात्र झाडपाला तेवढा निरुपद्रवी, असें समजूं नये. व्हॅसिसीननें गर्भाशयाचें आकुंचन होऊं शकतें; तेव्हां गर्भवती स्त्रीनें अडुळसा वैद्यास विचारल्यावांचून घेऊं नये.

खरा घोटाळा होतो तो दोन बाटल्यांचा. दिवसा कफ सुटण्याचें औषध, आणि रात्रीं झोंप लागावी म्हणून डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा कोडीन असलेलें खोकला दाबणारें! एकानें कफ सुटा करावा आणि दुसऱ्यानें त्याची वाट अडवावी. मग तो छातींतच सांचतो. म्हणून बाटलीचें नांव नव्हे, तींतील द्रव्यांचीं नांवें वाचावीं. मात्रा बाटलीबरोबरच्या मापानेंच घ्यावी. औषधाचा चमचा ५ मिलिलिटरचा, स्वयंपाकघरांतला ज्याच्या त्याच्या घरचा.

लहान मुलांच्या बाबतींत तर हात आंखडताच असावा. २०२५ सालीं मध्य प्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हें विष मिसळलेल्या खोकल्याच्या औषधानें मुलांचीं मूत्रपिंडें निकामी होऊन अनेक मुलें दगावलीं. कित्येकांना उपचारासाठीं नागपुरास आणलें होतें. तें औषध कफोत्सारक नव्हतें, सर्दी-खोकल्याचें होतें; पण आईच्या हातीं आली ती बाटलीच, तिच्या पोटांतील विष तिला कसें दिसावें? त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानें बजावलें, कीं दोन वर्षांखालील मुलांस अशीं औषधें देऊंच नयेत, आणि पांच वर्षांखालीं तीं सामान्यतः योग्य नव्हेत. बहुतेक मुलांचा सर्दीचा खोकला आपोआपच बरा होतो. पुरेसें पातळ पदार्थ पाजणें व विश्रांति एवढें पुष्कळ होतें.

मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवडे हटला नाहीं, तर तिसरी बाटली न आणतां थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयासाठीं ती सरकारी दवाखान्यांत विनामूल्य होते. कफांत रक्त दिसलें अथवा धाप लागली, तर मात्र दोन आठवडेही थांबूं नये, त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.